एका दिवसाच्या तापाला डॉक्टरचा कागद कशाला?

प्रश्न असा आलाय. चाकणच्या पट्ट्यात शीटमेटलचं युनिट आहे. 85 माणसं, त्यातली साठेक ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत. विचारणाऱ्या मॅडम तिथं एचआर आणि ॲडमिन दोन्ही सांभाळतात. गणपतीनंतर मालकांनी नोटीस लावली: एका दिवसाच्या आजारपणालाही मेडिकल सर्टिफिकेट हवं, त्यावर आजाराचं नाव हवं, सोबत रिपोर्ट आणि औषधांची बिलं हवीत, नाहीतर दिवस बिनपगारी. "माझा मेहुणा जिल्हा परिषदेत आहे, सरकारातही असंच असतं," हे मालकांचं म्हणणं. त्यातच एक वेल्डर परभणीकडच्या गावाहून बीएएमएस (आयुर्वेदाच्या) डॉक्टरचं सहा दिवसांचं सर्टिफिकेट घेऊन आला. मालक म्हणतात, हे चालत नाही, नाव कमी करा. आणि क्वालिटीतली एक मुलगी आठवडाभर रजेवर होती, ती कारण लिहायला तयार नाही. कायदा काय म्हणतो आणि मी करू काय, असं मॅडम विचारतात.

मॅडम, आधी सरळ उत्तर देतो, मग खुलासा. नोटीस उतरवा. वेल्डरचं नाव कमी करू नका. त्या मुलीला कारण परत विचारू नका.

मी 27 वर्षं हेच काम केलं. आधी टाइम ऑफिसला हजेरीची कार्डं लावायचो, मग पर्सोनेलमध्ये गेलो, मग त्याच खुर्चीला एचआर म्हणायला लागले. तुमच्या मालकांसारखी नोटीस मी स्वतः एकदा टाइप केलेली आहे. त्यानंतरच्या दोन महिन्यांत माझ्या टेबलावर जे कागद जमले, ते आठवले की आजही हसू येतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी प्रेस शॉपमधली सहा माणसं गैरहजर. तिसऱ्या दिवशी सहाही जण सर्टिफिकेट घेऊन हजर. एकच पॅड, एकच निळं पेन, सहाही जणांना जुलाब-उलट्या, आणि सहाव्या कागदावर डॉक्टरनं कंटाळून नुसतं "वरीलप्रमाणे" लिहिलेलं. नियमाप्रमाणे सहाही जणांना पगारी रजा द्यावी लागली. नोटीस नसती तर त्यातले निदान चार जण "साहेब, रात्रभर मिरवणुकीत होतो, सीएल (नैमित्तिक रजा) टाका" असं तोंडावर सांगून मोकळे झाले असते. खोटं बोलायची सक्ती आम्ही केली होती आणि वर त्याची फी त्यांच्याच खिशातून गेली होती.

आणि खरोखर तापलेला माणूस? 18,000 पगाराच्या माणसाचा दिवस 26 नं भागला तर 692 रुपयांचा. अंगात कणकण आहे, घरी क्रोसिन घेऊन झोपला तर संध्याकाळी उठून बसेल. त्याला तुम्ही रिक्षा करून दवाखान्यात रांगेत बसवता, दोन-तीनशे रुपये फी देववता, कशासाठी, तर 692 वाचवायला. त्यातले अर्धे गेलेच. बरेच जण मग हिशेब करतात आणि ताप अंगावर घेऊन कामावर येतात. शिअरिंग मशीनवर 101 ताप घेऊन उभा राहिलेला माणूस मालकांना परवडतो का, हे एकदा त्यांनाच विचारा.

आता कायदा. बऱ्याच जणांना वाटतं, आजारी रजा कायद्यानंच दिलेली आहे आणि तिचे नियमही कायद्यातच असतील. कारखान्यातल्या कामगारासाठी तसं नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात भरपगारी वार्षिक रजा होती, 20 दिवस कामामागे एक. वेगळी आजारी रजा नव्हतीच. मात्र एक चांगली गोष्ट कलम 79 मध्ये होती: वार्षिक रजेचा अर्ज एरवी 15 दिवस आधी द्यावा लागे, पण आजारपणासाठी तीच रजा मागितली तर वेळेत अर्ज आला नाही म्हणून ती नाकारता येत नसे. ताप काही पंधरा दिवस आधी कळवून येत नाही, एवढं 1948 मध्ये कायदा लिहिणाऱ्यांनाही कळत होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यात वार्षिक रजेसाठी 240 ऐवजी 180 दिवसांच्या हजेरीची अट आली, वीसाला एक हे प्रमाण तेच राहिलं.

ऑफिसं, दुकानं, आयटीवाले यांच्यासाठी महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा. त्यात वर्षाला 8 दिवस भरपगारी नैमित्तिक रजा आहे आणि वर कमावलेली रजा, जी 45 दिवसांपर्यंत साठवता येते. तिथंही आजारी रजा असं वेगळं खातं नाही. कायद्यातच डॉक्टरच्या दाखल्यावरची रजा वेगळी मोजून दिलेली मंडळी म्हणजे औषध कंपन्यांचे एमआर (विक्री प्रतिनिधी). 1976 च्या त्यांच्या कायद्यात सेवाकाळाच्या अठराव्या हिश्शाइतकी, अर्ध्या पगारी वैद्यकीय रजा लिहिलेली होती.

तेव्हा तुमच्याकडे जी काही "एसएल", म्हणजे आजारी रजा, आहे ती नेमणूकपत्रातून, कंपनीच्या नियमांतून किंवा युनियनशी झालेल्या करारातून आलेली. ती देताना अट घालायचा मालकांना अधिकार आहे, हे मान्य. पण तिथंच गोम आहे. अट आधी लिहिलेली असायला हवी, सगळ्यांना सारखी हवी आणि पाळता येण्याजोगी हवी. नेमणूकपत्रात "तीन दिवसांपेक्षा जास्त आजारपणाला दाखला" असं छापलेलं असेल आणि नोटीस बोर्डावर "एका दिवसालाही" असं असेल, तर उद्या कामगार कार्यालयात नेमणूकपत्रच पुढं येईल. तुमच्या लोकांची पत्रं आधी काढून वाचा. मला खात्री आहे, निम्म्यांत तीन दिवस असणार.

मेहुण्यांचा मुद्दा घेऊ. सरकारात असंच असतं, हे अर्धवट खरं आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय दाखल्यावर तीच परिवर्तित करून पूर्ण पगारानं घेता येते, खात्यातून मात्र दुप्पट दिवस वजा होतात. तिथं दाखला लागतोच, कारण एक प्रकारची रजा दुसऱ्या प्रकारात बदलायची असते. पण एक दिवस पोट बिघडलं तर मेहुणे काय करतात? किरकोळ रजा टाकतात. तिला दाखला लागत नाही. केंद्राच्या 1972 च्या रजा नियमांतही तीन दिवसांपर्यंतच्या अर्जाला दाखला माफ करायची मुभा अधिकाऱ्याला दिलेली आहे. फक्त ती रजा मग वैद्यकीय खात्यातून न जाता दुसऱ्या खात्यातून जाते. ही तोड मला फार शहाणपणाची वाटते: विश्वास ठेवतो, पण रजा तुझ्या शिलकीतून घे. आणि त्याच नियमांत हेही आहे की दाखला आणला म्हणजे रजेवर हक्क आला असं नाही, शंका असेल तर सिव्हिल सर्जनच्या दर्जाच्या डॉक्टरचं दुसरं मत घेता येतं. म्हणजे सरकारसुद्धा कागदाला शेवटचा शब्द मानत नाही. मालकांना हे सांगा, त्यांना आवडेल.

आता ईएसआय. तुमची साठ माणसं या खात्यातली आहेत आणि गडबड होते ती बहुतेक इथंच.

महिना 21,000 पर्यंत पगार असेल तर माणूस ईएसआयमध्ये. त्याच्या पगारातून पाऊण टक्का जातो, तुम्ही सव्वातीन टक्के भरता. 18,000 वर त्याचे 135 आणि तुमचे 585 दर महिन्याला. या पैशांच्या बदल्यात त्याला आजारपणात सरासरी रोजाच्या 70 टक्के मिळतात, वर्षात 91 दिवसांपर्यंत. अट अशी की आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी काळात त्याचे किमान 78 दिवस भरलेले असावेत. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधला लाभ, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधला. माणसं हे विसरतात आणि "मी तर दर महिन्याला कटिंग देतो, मग पैसे का नाहीत" म्हणून तुमच्या केबिनमध्ये भांडायला येतात. एक कागद छापून टाइम ऑफिसच्या भिंतीला लावा, तुमचे दिवसाचे दोन वाद कमी होतील.

यात एक खाच आहे. आजारपणाचे पहिले दोन दिवस ईएसआय पैसे देत नाही. आधीचं आजारपण संपून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा पडला तर ही दोन दिवसांची अट लागत नाही. म्हणजे एका-दोन दिवसांच्या तापात ईएसआयवाल्या कामगाराला बाहेरून एक रुपया मिळत नाही. "त्यांना ईएसआय आहे, मग एसएल कशाला" म्हणणाऱ्या मालकांना हे ठाऊक नसतं. नेमकं याच दोन दिवसांसाठी कंपनीची थोडी पगारी रजा असावी लागते, आणि याच दोन दिवसांना तुमची नोटीस दाखला मागते. दुसरीकडे, ज्या दिवसाचा पगार तुम्ही देता त्या दिवसाचा आजारपण लाभ त्याला घेता येत नाही. म्हणून लांबल्या आजारपणात मस्टरवर (हजेरीपटावर) काय मारताय ते जपून मारा. भरपगारी रजा टाकून उपकार करायला जाल आणि त्याचा दावा अडकवाल.

ईएसआयचं सर्टिफिकेट आलं की ते पाळायचं. पहिलं, मधलं, शेवटचं असे त्याचे प्रकार असतात. शेवटच्या सर्टिफिकेटवर कामाला कधीपासून लायक ती तारीख असते. त्यावर पुन्हा खासगी डॉक्टरचा दाखला मागायचा नाही. शंका असेल तर ईएसआयलाच लिहा, त्यांच्याकडे तपासणीसाठी मेडिकल रेफरी असतो. आणि 1948 च्या ईएसआय कायद्याचं कलम 73 प्रत्येक एचआरवाल्यानं पाठ केलेलं असायचं: आजारपण लाभ घेत असताना, किंवा रीतसर दाखला असलेल्या आजारपणात गैरहजर असताना, माणसाला काढायचं नाही, खालच्या जागी टाकायचं नाही, शिक्षा करायची नाही.

आता वेल्डरचा कागद हातात घेऊ. तुम्ही फोटो पाठवलाय, म्हणून ओळीनं सांगता येतं.

पॅथीवरून सुरुवात करतो. बीएएमएस डॉक्टर महाराष्ट्रात भारतीय वैद्यक परिषदेकडे नोंदलेले असतात, एमबीबीएस महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, होमिओपॅथ त्यांच्या स्वतंत्र परिषदेकडे. परभणीच्या त्या गावात रात्री नऊ वाजता दार उघडणारा डॉक्टर बहुतेक बीएएमएसच असणार. एमडी मेडिसिनचाच दाखला आण असं सांगणं म्हणजे आजारी माणसाला तालुक्याला पाठवणं. नोंदणीच नसेल तर जरूर नाकारा. आयुर्वेद आहे म्हणून नाकारू नका. तुमच्या कागदावर नोंदणी क्रमांक छापलेला आहे. तो परिषदेच्या यादीत आहे का ते बघा, पाच मिनिटांचं काम.

मग तारखा. दाखल्यात मी कायम दोन तारखा शोधतो: तपासल्याची आणि विश्रांतीच्या सुरुवातीची. तुमच्या कागदावर तपासणी 11 तारखेची आहे आणि विश्रांती 8 पासून. मालकांचा संशय इथून सुरू झाला असावा. संशय योग्य आहे, निष्कर्ष घाईचा आहे. रुग्ण 11 ला आला, तीन दिवसांपासून ताप असल्याचं त्यानं सांगितलं, डॉक्टरनं तसं लिहिलं, तर त्यात खोटं काही नाही. मात्र न तपासलेल्या दिवसांची विश्रांती डॉक्टर स्वतःच्या शब्दावर देऊ शकत नाही. माझा रिवाज असा होता: तपासणीपासून पुढचे दिवस दाखल्यावर धरायचे, मागचे दिवस माणसाच्या शिलकी रजेतून टाकायचे, दंड काही नाही. या हिशेबानं वेल्डरचे 11 ते 13 दाखल्यावर, 8 ते 10 त्याच्या वार्षिक रजेतून. तो ईएसआयमध्ये आहे, तेव्हा गावच्या डॉक्टरचा हा कागद घेऊन त्याला लगेच शाखा कार्यालयात पाठवा. ईएसआयच्या दवाखान्यापासून लांब, गावी आजारी पडलेल्या माणसाचा असा कागद ते पर्यायी पुरावा म्हणून विचारात घेऊ शकतात. मान्य करायचा की नाही ते त्यांनी ठरवायचं, तुमच्या मालकांनी नाही.

त्यानंतर रुग्णाची सही. हे फार कमी लोक बघतात. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2002 च्या नीतिनियमांत रजेच्या दाखल्याचा नमुनाच दिलेला आहे. त्यात वरती रुग्णाची सही किंवा अंगठा असतो, आणि डॉक्टर "काळजीपूर्वक तपासून" अमुक दिवसांची गैरहजेरी प्रकृतीसाठी आवश्यक आहे असं लिहितो. सोबत रुग्णाची एक ओळखखूण, तीळ-बीळ. डॉक्टरनं दिलेल्या दाखल्यांचं रजिस्टर ठेवायचं, प्रत ठेवायची, असंही त्यात आहे. नवे नियम 2023 मध्ये आले आणि त्याच ऑगस्टमध्ये स्थगित झाले, म्हणून 2002 चेच चालू आहेत. हे नियम एमबीबीएसवाल्यांसाठीचे, पण चांगला दाखला कसा दिसतो याचं माप म्हणून सगळीकडे वापरा. मोबाइलवर दोनशे रुपये भरले की अर्ध्या तासात पीडीएफ येते, अशा दाखल्यांचं काय, असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. हेच माप लावा. ज्यानं माणूस बघितला नाही, तो "काळजीपूर्वक तपासून" कुठून लिहिणार?

खात्री करायची झालीच तर फोन एकानंच करायचा, तुम्ही. सुपरवायझरनं नाही, मालकांनी तर नाहीच. प्रश्नही एकच: "डॉक्टर, अमुक तारखेचा, अमुक नावाचा दाखला तुमच्याकडून दिला गेलाय का?" हो किंवा नाही. आजार काय होता, खरंच इतका आजारी होता का, हे विचारायचं नाही, आणि शहाणा डॉक्टर सांगणारही नाही, कारण रुग्णाचं गुपित फोडणं त्याच्याही नियमांत गैरवर्तन आहे. फोनची तारीख-वेळ दाखल्याच्या मागे पेन्सिलनं लिहून ठेवा. उत्तर "आम्ही दिलाच नाही" असं आलं, तर मग प्रकरण रजेचं राहत नाही, बनावट कागदाचं होतं. तेव्हा कारणे दाखवा नोटीस, लेखी खुलासा, चौकशी, सगळं क्रमानं. 27 वर्षांत असे खरे बनावट दाखले माझ्याकडे चार निघाले. चारही जण कर्जात बुडालेले होते आणि दुसरीकडे रोजंदारीवर जात होते. त्यातल्या एकाला आम्ही काढलं, तिघांना समज देऊन ठेवलं. त्या एकाचं मला अजून पटत नाही, पण तो विषय वेगळा.

"नाव कमी करा" हा शब्द मालकांच्या तोंडून आला की तुम्ही पेन खाली ठेवा. 1993 चा डी. के. यादव यांचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांना वाचून दाखवा. तिथं कंपनीच्या स्थायी आदेशांतच (कामगारांसाठीच्या लेखी सेवानियमांत) लिहिलेलं होतं की आठ दिवसांहून जास्त विनापरवानगी गैरहजर राहिलं की नोकरी आपोआप गेली. न्यायालयानं म्हटलं, माणसाला म्हणणं मांडायची संधी न देता असं काढता येत नाही. पुढं 2012 मध्ये कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की गैरहजेरी मुद्दाम होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती कर्तव्यातली कसूर धरता येणार नाही. दवाखान्यात पडलेला माणूस मुद्दाम गैरहजर नसतो. तुमच्याकडे 85 माणसं, नव्या संहितेत स्थायी आदेशांची सक्ती 300 पासून आहे, म्हणून आपल्याला हे लागू नाही असं मालकांना कोणी सल्लागार सांगेल. ऐकू नका. माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायची सक्ती डोकी मोजून येत नाही.

क्वालिटीतल्या मुलीबद्दल थोडक्यात. कारण न लिहिणारी बाई खोटं बोलत असते असं समजणाऱ्या साहेबांबरोबर मी पुष्कळ वर्षं काढली आहेत. गर्भपात झालेल्या स्त्रीला 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानंच सहा आठवड्यांची रजा दिलेली होती, आणि गरोदरपण किंवा बाळंतपणातून आलेल्या आजारासाठी वर एक महिना. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे आहे. पुरावा लागतो, पण तो डॉक्टरचा दाखला, तोही तुमच्या हातात, बंद पाकिटात. तिचं तसंच काही असेल असं मी म्हणत नाही. मानसिक आजार असेल, दुसरं काही असेल. तुम्ही तिला एवढंच सांगा: "दाखल्यावर आजाराचं नाव नसलं तरी चालेल. किती दिवस आणि कधीपासून कामाला येऊ शकतेस, एवढं डॉक्टरांकडून लिहून आण. कायद्यानं जास्त रजा मिळत असेल तर मला एकटीला सांग, मी मिळवून देते." रिपोर्ट घेऊ नका. सोनोग्राफीचा कागद टाइम ऑफिसच्या फाइलमध्ये पंच केलेला मी पाहिलाय, आणि तो चहा देणाऱ्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांनी वाचलेला होता. एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 चा कायदाच आहे, कोणालाही आपली स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही. सरसकट "रिपोर्ट जोडा" म्हणणारी नोटीस तेच भाग पाडते.

आता ज्या कागदाचा मी खरोखर आग्रह धरतो, त्याच्याबद्दल. तुमच्या नोटिशीत त्याचा उल्लेखही नाही. तो म्हणजे परत कामावर येतानाचा फिटनेसचा दाखला.

एका कारखान्यात असताना टायफॉइडमधून उठलेला एक प्रेस ऑपरेटर दहाऐवजी आठव्या दिवशी आला. दाखला दहा दिवसांचा होता, तो आम्ही बघितला, शिक्का बघितला, सही बघितली, रजा मंजूर केली. लवकर आला म्हणून त्याचं कौतुकसुद्धा केलं, कारण महिनाअखेर होती आणि डिस्पॅच अडलेला. दुपारी तीनच्या सुमाराला त्याला मशीनवर घेरी आली. दोन्ही हातांनी बटणं दाबायची प्रेस होती म्हणून बोटं वाचली. पण पडताना कपाळ पॅलेटच्या कोपऱ्यावर आपटलं, सात टाके. त्याची बायको दवाखान्यात मला एवढंच म्हणाली, "भाऊ, कागद तर तुम्ही घेतला होता ना?" आजारी होता का, याचा पुरावा आम्ही डोळ्यांत तेल घालून तपासला होता. बरा झालाय का, हे कोणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम ठरला. प्रेस, क्रेन, फोर्कलिफ्ट, वेल्डिंग, उंचीवरचं काम, कँटीन, ड्रायव्हर, यांतलं कोणीही तीन दिवसांहून जास्त आजारी पडलं तर फिटनेसशिवाय त्या कामावर नाही. दाखल्याची मुदत संपायच्या आधी आला तर गेटवरूनच डॉक्टरकडे. फिट नसेल तर घरी, किंवा जमलं तर चार दिवस पॅकिंगला बसून काम. कँटीनमधल्या माणसाला टायफॉइड किंवा कावीळ झाली असेल तर माझ्या मनानं एक दिवससुद्धा लवकर नाही. आणि या तपासणीचे पैसे कंपनीनं द्यायचे. कागद आपल्याला हवाय, फी त्यानं का भरायची?

नोटीस उतरवल्यावर जागा रिकामी राहू नये म्हणून मजकूर देतो. असाच टाइप करा, मालकांची सही घ्या, युनियन असेल तर त्यांनाही आधी दाखवा:

"आजारी असल्यास पाळी सुरू होण्याआधी, किंवा जमेल तितक्या लवकर, फोन किंवा मेसेज करून कळवावे, घरच्यांनी कळवले तरी चालेल. दोन दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरचा दाखला लागणार नाही. तीन किंवा अधिक दिवसांसाठी नोंदणीकृत डॉक्टरचा किंवा ईएसआयचा दाखला कामावर परतल्यावर सात दिवसांत एचआरकडे द्यावा. दाखल्यावर आजाराचे नाव असणे आवश्यक नाही. तपासणीची तारीख, विश्रांतीचे दिवस आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा. सुट्टीला लागून वारंवार घेतलेल्या आजारी रजेबाबत संबंधितांशी एचआर समक्ष बोलेल. धोक्याच्या कामावर परतण्यापूर्वी फिटनेस तपासणी कंपनीच्या खर्चाने होईल."

सुट्टीला लागून घेतलेल्या रजेचं सहावं वाक्य मुद्दाम टाकलंय. दांडीबहाद्दर सगळीकडे असतात, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण ते दाखल्यानं सापडत नाहीत, मस्टरनं सापडतात. सहा महिन्यांची हजेरी समोर घ्या आणि आठवडी सुट्टीच्या पुढच्या दिवशी कोण खाडा करतं ते बघा. तुमच्या भागाला गुरुवारची सुट्टी असेल तर शुक्रवार. सोयाबीन काढणीला मराठवाड्यातली कोण मंडळी एकदम आजारी पडतात ते बघा. 85 माणसांत अशी पाच-सहा निघतील. त्यांना एकेक करून बोलवा आणि मस्टर त्यांच्यापुढं ठेवा. काढणीवाल्यांना सरळ सांगा, चार दिवस आधी सांगून रजा घ्या, आम्ही देतो. पाच-सहा जणांसाठी ऐंशी जणांना दवाखान्यात पाठवू नका.

शेवटी, वेल्डरला आज लेखी पत्र द्या: दाखला मिळाला, 11 ते 13 ग्राह्य, 8 ते 10 वार्षिक रजेतून, काही म्हणणं असेल तर सात दिवसांत द्यावं. पोच घ्या. तो वेल्डिंगवर जाणार, तेव्हा फिटनेस करून घ्या. आणि तुम्ही पाठवलेल्या मस्टरच्या फोटोत त्याच्या नावापुढं त्या सहा दिवसांच्या चौकटींवर सुपरवायझरनं लाल पेनानं आडवं "फरार" लिहिलंय. ते खोडू नका, व्हाइटनर तर लावूच नका. त्यावर एक रेघ मारा, वर "आजारी – दाखला प्राप्त" लिहा, बाजूला तुमची सही आणि आजची तारीख.